काटा किती?

"काय, काटा किती?"

हा त्यांचा नमस्कार होता. सकाळी ऑफिसच्या दारात इथली जर्मन माणसं "मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हणून पुढे निघून जातात. हे थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, मान थोडी तिरकी करायचे आणि समोरच्याच्या छातीकडे बघत विचारायचे. जणू शर्टाच्या तिसऱ्या बटणाशेजारी एक प्रेशर गेज बसवलेला आहे आणि उजेड कमी असल्यामुळे तो त्यांना नीट वाचता येत नाहीये. उत्तर आकड्यात द्यावं लागे. "सहा बार" म्हटलं तर ठीक चाललंय. "चार" म्हटलं तर ते न बोलता कॉफी आणून ठेवत. एकदा व्हिसाच्या कार्यालयात अख्खी सकाळ घालवून आल्यावर मी "शून्य" म्हणालो, तेव्हा ते गंभीर झाले. "शून्य कधी नसतंय हो. बाहेरची हवा असतीच की एक बार."

स्टुटगार्टच्या एस-बान लोकलच्या जवळजवळ शेवटच्या स्टेशनाला लागून आमची कंपनी आहे. ती हवेचे व्हॉल्व बनवते. बसचं दार उघडताना फुस्स असा आवाज येतो ना, तो वेळेवर यावा म्हणून आमच्याकडे पुष्कळ लोक पगार घेतात. मी त्या व्हॉल्वांची माहितीपत्रकं लिहितो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं स्वच्छ काम कोणाला कळणार नाही अशा भाषेत मांडतो. ते टेस्ट बेंचवर होते. गाव जत तालुक्यातलं, शिक्षण मिरजेत, नोकरी आधी पुण्यात आणि मग इथे. काम एकच, गळती शोधणं. बेंचवर महागडी यंत्रं होती, पण त्यांच्या खिशात साबणाच्या पाण्याची एक बाटली आणि दाढीचा जुना ब्रश असे. "मशीन सांगतं गळती आहे," ते म्हणत. "कुठं आहे ते साबण सांगतो."

बोलणं बेताचं. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष गणपतीत भाषणाला उभे राहिले की पाचव्या मिनिटाला आपल्या सांस्कृतिक वारशावर येतात आणि पंचविसाव्या मिनिटालाही तिथेच असतात. अशा वेळी हे शेवटच्या रांगेत माझ्याकडे झुकून पुटपुटत, "रेग्युलेटर नाही."

तर अशा माणसानं एका वसंतात जाहीर केलं की आपल्याला बंदूक घ्यायची आहे.

निमित्त मेथीचं होतं. शहराच्या कडेला भाड्यानं मिळणारे छोटे मळे असतात इथे, क्लाइनगार्टन म्हणतात. कुंपणाची उंची किती, झोपडीचा रंग कोणता, दुपारी गवत कापायचं नाही ते किती वाजेपर्यंत, सगळं छापून मिळतं. त्यांनी एक मळा घेतला आणि मेथी, कोथिंबीर, शेपू लावला. शेजारच्या बाईंचा कोबी आणि लेट्यूस शिस्तीत वाढत होता. पहिल्याच महिन्यात रानससे आले, लेट्यूसकडे बघितलंही नाही आणि मेथी मुळापर्यंत खाऊन गेले. जन्मभर तीच भाजी खाऊन त्यांनाही कंटाळा आला असणार.

ते म्हणाले, "एक एअर रायफल बघायला पाहिजे." आम्हाला वाटलं, गंमत आहे. वहिनींनी मसाला कोणता लागेल ते विचारलं. ऑफिसातल्या दोघा-तिघांनी रश्शासाठी नाव नोंदवलं.

गंमत नव्हती, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. एका व्हॉल्वची गळतीची लांब चाचणी लावली होती आणि आम्ही बेंचसमोर नुसते बसलो होतो. सुई हलत नव्हती. ती हलत नसली की त्यांना बोलायला सुचे.

अकरा वर्षांचे असताना त्यांनी एक ससा मारला होता. वडील शाळामास्तर. घरात छऱ्यांची एक बंदूक होती, नळी मोडून ताणायची, स्प्रिंगची. वर्षातून एकदोनदा वडील रानात जात आणि ससा किंवा होले आणत. त्या दिवशी वडील तालुक्याला गेलेले. यांनी बंदूक उतरवली आणि ज्वारी काढलेल्या रानात गेले. ससा लांब होता. छरा लागला. ससा पडला, उठला आणि मागचे पाय ओढत बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात शिरला. आत जाता येत नव्हतं. बंदूक पुन्हा ताणायला हात चालेना.

"ससा ओरडतो, माहितंय तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. "लहान पोरासारखा. दिवस बुडेपर्यंत ओरडत होता. मी बाहेर बसून होतो."

वडील आले. त्यांनी कुंपणापासून यांच्या पावलांच्या खुणांपर्यंत अंतर मोजलं, मनातल्या मनात.  घरी गेल्यावर बंदूक खुंटीला लावली ती पुन्हा कधी काढली नाही. वडिलांनी मारलं असतं तर बरं झालं असतं, असं हे मला म्हणाले. मग तेव्हाच फिटलं असतं.

"स्प्रिंग गेलेली होती," ते सुईकडे बघत म्हणाले. "एवढ्या लांबून जोर पुरायचा नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मारली. काटा नव्हता ना त्या बंदुकीला."

थोड्या वेळानं म्हणाले की आयुष्यात एकदा तरी हे काम नीट करायचं आहे. एका फटक्यात. जनावराला कळता कामा नये. मेथीचं नंतर बघू.

त्यानंतर मी रश्शाची चेष्टा केली नाही. बंदुकीच्या निवडीची मात्र केली, कारण ती दोन हिवाळे चालली.

आता तुम्हीही माझ्यासारखेच बंदुकीबाबत कोरे असाल, म्हणून थोडक्यात सांगतो. स्प्रिंगची बंदूक दर वेळी ताणावी लागते, आणि स्प्रिंग थकली की छराही थकतो. त्यांना हवी होती ती वेगळ्या जातीची. तिच्या नळीखाली एक सिलिंडर असतो. त्यात दोनशे बारपर्यंत हवा आधीच भरून ठेवायची. चाप ओढला की त्यातली चमचाभर हवा सुटते आणि छरा जातो. एकदा भरली की कितीतरी छरे जातात. पण सिलिंडरमधला दाब उतरत जातो, म्हणून पहिला छरा आणि शेवटचा छरा सारख्या जोरानं जात नाहीत. ते जावेत म्हणून आत रेग्युलेटर लागतो. म्हणजे ज्या गोष्टीत त्यांची हयात गेली होती, तीच गोष्ट खांद्याला लावून हिंडायची होती.

त्यांनी ऑफिसात करतात तसं केलं. लास्टेनहेफ्ट लिहिलं. कोणतंही यंत्र घेण्याआधी आपल्याला त्याच्याकडून काय काय हवंय ते कलमवार लिहून काढतात, त्या कागदाला इकडे लास्टेनहेफ्ट म्हणतात आणि त्याच्याशिवाय इथे पेन्सिलसुद्धा खरेदी होत नाही. चार पानं भरली. वजन, नळीची लांबी, छऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर की साडेपाच, रेग्युलेटर कोणाचा, सीलं कशाची, महिन्याला किती दाब उतरला तर चालेल. शिवाय एक एक्सेल, त्यात एकोणीस रकाने.

काही रायफली एका ओळीत बाद झाल्या. अनेक मॉडेलांत गेज सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर बसवलेला असतो, म्हणजे तो वाचायला नळीच्या समोर जावं लागतं. "दाब बघायला ज्या बंदुकीच्या समोर तोंड न्यावं लागतं," ते म्हणाले, "ती बनवणाऱ्याला एकदा सासरेबुवांनी बघायला पाहिजे होतं." यात सासरेबुवांचा संबंध काय, हे मी विचारलं नाही.

सासर म्हणजे वहिनी. त्या मिरजेच्या, शाळेत गणित शिकवत. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी संपायच्या आत हो म्हणाले," त्या मला म्हणाल्या. "एकोणीस रकाने तेव्हा कुठं होते, विचारा."

"तेव्हा काटा दिसत होता," ते म्हणाले. वहिनी आत गेल्या, पण हसत गेल्या.

दोन हिवाळे त्यांनी व्हिडिओ बघितले. चहाचा मग हातात घेतलेला एक लालबुंद गृहस्थ दगडी कुंपणाशेजारी उभा राहून रायफलीचे गुणदोष सांगे आणि शेवटी ससे टिपे. हे वही घेऊन बसत. अखेर तीन रायफली उरल्या आणि एका शनिवारी ते मला घेऊन, रेल्वेनं, डोंगराच्या कुशीतल्या एका गावी बंदुकांच्या दुकानात गेले.

दुकान एका बाईंचं होतं. साठीच्या आसपास, पांढरे आखूड केस, तेलाचे डाग पडलेला एप्रन, चष्मा दोरीला. ह्यांनी नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता लास्टेनहेफ्टची चार पानं पारदर्शक फोल्डरमधून काढून काउंटरवर ठेवली. बाईंनी ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली. दुकानात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं. कलमवार कागद समोर आला की जर्मन माणूस उठून उभा राहतो. त्या आधीच उभ्या होत्या म्हणून, नाहीतर राहिल्या असत्या.

मग त्यांनी विचारलं, कशासाठी हवी आहे.

"कानिन्शेन," हे म्हणाले. रानससे.

बाईंनी चष्मा काढला. हवेच्या रायफलीनं या देशात कोणी ससे मारत नाही, मारताही येत नाही, असं त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितलं. मोकळ्या विक्रीत जी मिळते तिच्यावर पंचकोनात एफ कोरलेला असतो, जोर साडेसात ज्यूलच्या आत, आणि ती कागदावर नेम धरायला. मळ्यात तर कोणतीच बंदूक चालवायची नाही. शिकारीसाठी आधी याग्डशाइन लागतं, शिकाऱ्याचा परवाना, त्याची परीक्षा असते, आणि त्यानंतरही सशासाठी हत्यार दुसरं.

मी यांच्याकडे बघितलं. कान लाल झाले होते.

चहाचा मग घेतलेला तो गृहस्थ इंग्लंडात उभा होता. त्याचे ससे इंग्लंडचे, कायदाही इंग्लंडचा. आम्ही सगळे तेच करतो, म्हणून मला हसू आलं नाही. दहा-दहा वर्षं जर्मनीत काढतो, भाडं जर्मनीत भरतो, कचरा चार रंगांच्या डब्यांत वेगळा करतो, आणि इंटरनेटवर मात्र अजून इंग्रजीतच राहतो. आणि हा तर असा माणूस, की ऑफिसात कोणताही व्हॉल्व हातात आला की पहिला प्रश्न विचारणार, कुठल्या देशात बसणार आहे?

बाईंनी कागद परत दिला. देताना पहिल्या कलमावर बोट ठेवलं. पहिलं कलम होतं, जनावराला काही कळता कामा नये. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचं आधी शिका." दर मंगळवारी संध्याकाळी त्या परीक्षेचा वर्ग घेत असत.

परतीच्या गाडीत त्यांनी ती चार पानं पुन्हा वाचून काढली. मग म्हणाले, "एकोणीस रकाने. देशाचा नाही."

मला वाटलं, इथे विषय संपला. पंचावन्न उलटलेला माणूस, जर्मन कामापुरतं. इथल्या शिकाऱ्याच्या परीक्षेला लोक हिरवी मॅट्रिक म्हणतात, इतकी ती अवघड. प्राण्यांची शरीररचना, रोग, झाडं, कायदे, कुत्र्यांच्या जाती. ते पुढच्याच मंगळवारी वर्गात जाऊन बसले. पंधरा शेतकरी, एक दंतवैद्य आणि हे.

वर्षभर एस-बानमध्ये माझ्या हातात प्रश्नांच्या चिठ्ठ्या होत्या. रानडुकराला दात किती? चव्वेचाळीस. रानसशाला? अठ्ठावीस. रानसशाची पिल्लं जन्मतात कशी? उघडी आणि आंधळी. मोठ्या जातीच्या सशाची? केसांसकट, डोळे उघडे. पहिल्यांदा हे उत्तर दिल्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले की जतकडचा ससा या दुसऱ्या जातीचा. डोळे उघडे ठेवूनच येतो.

पहिल्या वेळी ते तोंडी परीक्षेत नापास झाले. परीक्षकानं चित्र दाखवलं, पापण्या सुजून डोळे बंद झालेला रानससा. त्यांनी रोग ओळखला, कसा पसरतो ते सांगितलं, अशा जनावराचं काय करायचं तेही सांगितलं. जर्मन नाव मात्र आठवेना, आणि घाबरून पुढची चार उत्तरंही गेली. सोमवारी मी काटा विचारला. ते म्हणाले, "एक बार. बाहेरची." पुढच्या वेळी पास झाले. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं. त्या रविवारी हे मळ्यात शेपू पेरत होते.

मग त्यांनी रायफल घेतली. साडेसात ज्यूलची, एफ कोरलेली. तिचा गेज दस्त्याच्या खालच्या अंगाला, कुठेही तोंड न्यावं न लागणारा.

"आता कशाला?" वहिनी म्हणाल्या.

"कागदासाठी."

"म्हणजे कागदाला कळता कामा नये."

हातांना सवय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दर गुरुवारी ते गावच्या नेमबाजांच्या क्लबात दहा मीटरवर कागदाला भोकं पाडत. त्या क्लबात वर्षातून एकदा राजा निवडतात. तो चांदीची जड साखळी गळ्यात घालून बँडमागे गावातून चालतो. यांना राजेपदापेक्षा त्या साखळीच्या कड्यांचं वेल्डिंग कोणी केलं यात रस होता. ते कच्चं होतं, असं त्यांनी राजाला सांगितलंही.

हवा भरायला दुकानवाल्या बाईंनी पाणबुड्यांचा मोठा सिलिंडर सुचवला होता. ह्यांनी हातपंप घेतला. तो सायकलच्या पंपासारखा दिसतो, पण दीडशे बारच्या पुढे अख्खं अंग टाकल्याशिवाय खाली जात नाही. दर रविवारी सकाळी नऊला ते तळघरात पंप मारत, मध्ये थांबत, पंप थंड होऊ देत, पुन्हा मारत. वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर रक्तदाबाचं यंत्र घेऊन उभ्या. हे घामाघूम होऊन वर आले की त्या दंडाला पट्टा बांधायच्या आणि विचारायच्या, "अहो, काटा किती?" दोन्ही आकडे एकाच वहीत लिहिले जात, रायफलीचा डावीकडे.

नोव्हेंबरात बाईंनी त्यांना आपल्या शिकारीच्या रानात बोलावलं. दुसरी बंदूक, काडतुसांची, बाईंचीच. मी बघ्या म्हणून गेलो होतो. काढलेल्या मक्याच्या कडेनं माणसं उभी होती. एक ससा सरळ यांच्या अंगावर आला, तीसएक पावलांवर थांबला, कान उभे केले. बंदूक खांद्याला होती.  ससा बराच वेळ बसला, मग आरामात निघून गेला.

एक तरुण शिकारी हसला. ह्यांनी बंदूक मोडून काडतुसं काढली, खिशात ठेवली. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "ऐंशी टक्के खात्री होती. उरलेले वीस त्याला भोगावे लागले असते." बाईंनी हे ऐकलं नाही, मराठी त्यांना येत नव्हती. पण परतताना त्यांनी यांना आपल्या शेजारी पुढच्या सीटवर बसवलं, आणि तो तरुण मागे कुत्र्याबरोबर बसला.

नंतर दोनदा आणखी बोलावलं. दोन्ही वेळी असंच.

पुढच्या जुलैमधली गोष्ट. शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला, मळ्यात येता का. आवाज बेतानं काढला होता. मी गेलो तर ते मेथीच्या वाफ्यासमोर उकिडवे बसलेले. वाफ्यात एक रानससा होता. माणूस हाताच्या अंतरावर आला तरी हलत नव्हता. डोळ्यांच्या जागी सुजलेल्या दोन गाठी, नाकाला पू. तोंडासमोर मेथी होती आणि ती त्याला सापडत नव्हती.

परीक्षेतलं चित्र.

त्यांनी बाईंना फोन लावला. त्या लांब होत्या, यायला दोन तास लागणार होते. रायफल घरी कपाटात कुलपात होती, आणि इथे ती चालवायचीही नव्हती. पलीकडून बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं. दोन तास थांबू नका, शिकवलंय तसं करा, मी जबाबदार.

ह्यांनी फोन खिशात ठेवला. खुरप्याचा लाकडी दांडा हातात घेऊन वजन बघितलं, ठेवला. फावडं बघितलं, ठेवलं. शेवटी कुदळीचा सुटा दांडा घेतला. मला म्हणाले, "तुम्ही तिकडं बघा." मी तिकडे बघितलं नाही. त्यांनी डाव्या हातानं सशाला मागच्या पायांनी अलगद उचललं, तो स्थिर व्हायची वाट बघितली, आणि कानांच्या मागे एकदाच मारलं.

आवाज फार झाला नाही. ससा ओरडला नाही.

ते तसेच उभे राहिले. मग त्याची छाती दोन बोटांनी चाचपली, डोळ्याला बोट लावून पाहिलं, वर्गात शिकवलं होतं तसं सगळं. "कळलं नाही त्याला," ते म्हणाले. हे मला सांगत नव्हते. मग खाली बसले आणि चष्मा पुसायला लागले, आणि तो बराच वेळ पुसत होते. मी खड्डा खणला. खोल खणा, म्हणाले, कुत्री उकरतात.

त्या वर्षी त्यांनी मेथीचा एक वाफा कुंपणाबाहेर लावला. त्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मळ्यांच्या नियमावलीत त्याबद्दल कलम सापडलं नाही. शिकारीला ते पुन्हा गेले नाहीत. गुरुवारी कागद आणि रविवारी पंप तेवढं चालू राहिलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मिरजेला परत जायचं ठरवलं. रायफल भारतात नेणं म्हणजे कागदपत्रांचं दुसरं आयुष्य, म्हणून ती माझ्याकडे आली. निघायच्या आधीच्या रविवारी ते कुलूपबंद पेटी घेऊन माझ्याकडे आले. सोबत दोन पानांचं हस्तांतरपत्र, दोघांच्या सह्यांसाठी. त्यात लिहिलं होतं, तापमान वीस अंश, दाब दोनशे बार. "मारू नका असं नाही," ते म्हणाले. "पण आधी काटा बघा."

तेव्हापासून दर रविवारी माझ्या सकाळी नऊला फोनवर दोन शब्द येत. काटा किती? मी तळघरात जायचो, पेटी उघडायचो, आकडा पाठवायचो. दोनशे. दोनशे. एकशे नव्व्याण्णव. बाकी गप्पा नसत. कधीतरी मिरजेच्या उन्हाबद्दल एखादी ओळ.

पहिल्या हिवाळ्यात सुई एकशे ब्याण्णवपर्यंत उतरली. मी घाबरलो. इतक्या काळजीनं निवडलेली वस्तू माझ्याकडे येऊन बिघडली, असं वाटलं. ब्रशनं साबणसुद्धा लावून पाहिला, कुठेही बुडबुडा नाही. मी कळवलं. लगेच उत्तर आलं. "तळघर गार झालं असेल. थंडी आहे, गळती नाही. उन्हाळ्यात परत येईल." मे महिन्यात सुई आपली आपण वर आली. एकशे नव्व्याण्णव.

ते मागच्या डिसेंबरात गेले. झोपेत, दुपारी, जेवण झाल्यावर. वहिनींनी फोन केला तेव्हा मी ऑफिसात होतो. त्यांना काही कळलं नाही, असं त्या म्हणाल्या.

दुकानवाल्या बाईंना सांगायला मी त्या गावी गेलो. त्यांनी एप्रन काढून ठेवला आणि दाराला "बंद"ची पाटी लावली. शनिवारी, भर दुकानाच्या वेळात. निघताना त्या म्हणाल्या की रायफल घेऊन या, हवा सोडून सीलं बदलायला हवीत, इतकी वर्षं दाबाखाली ठेवत नाहीत. मी हो म्हणालो. अजून नेलेली नाही. त्या सिलिंडरमधली हवा त्यांनी मिरजेला जायच्या आधी पंपावर अख्खं अंग टाकून भरलेली आहे. त्या हवेनं मी एकही छरा मारलेला नाही.

चार रविवार फोन गप्प होता. नऊ वाजत, मी स्वयंपाकघरात उगाच कपबशा लावत बसे. पाचव्या रविवारी, जानेवारीत, नऊला फोन वाजला. त्यांचंच नाव, तेच दोन शब्द. काटा किती?

त्याखाली थोड्या वेळानं दुसरी ओळ आली. "यांचा फोन मी चालू ठेवलाय. वही भरते आहे, उजवीकडे आता माझा आकडा, डावीकडचा रायफलीचा रकाना तेवढा राहिलाय."

मी तळघरात गेलो. पेटी उघडली, गेजवरची धूळ अंगठ्यानं पुसली. मग तिथेच उभा राहून वहिनींना लिहिलं.

एकशे एक्क्याण्णव. थंडी आहे. गळती नाही.